डोंगरानं नाही नेला माझा दादू

मुलगा गेल्यावर आईला सल्ले खूप मिळतात. "मन घट्ट कर", "धाकटीकडे बघ", "देवाच्या मनात होतं". बोलणाऱ्यांची माया खरी असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवसांत मला जे कळलं, ते या सल्ल्यांतून आलं नाही. ते दादूच्या बालपणातून आलं.

मी जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझा मुलगा, घरच्यांचा आणि सगळ्या आळीचा दादू, जानेवारी २०२३ मध्ये गेला. बावीस वर्षांचा होता. चालायला लागल्यापासून तो कधी झाडावर, कधी विहिरीत, कधी कड्यावर. त्याला वाढवताना आणि त्याच्यामागे जगताना मला जे उमगलं, ते क्रमानं सांगते. ज्यांच्या घरात असं वांड पोर आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरातून ते गेलं आहे त्यांच्यासाठीही.

१. धाडसी मुलाला अडवू नका, तयार करा

आमच्या मळ्यात बांधीव विहीर आहे. दादू शाळेत जायच्या आधीपासून तिच्या काठाशी घुटमळायचा. सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा. त्या म्हणायच्या, "त्याला तिकडे फिरकू देऊ नकोस." सासऱ्यांचं म्हणणं निराळं होतं. "ज्या पोराला पाण्याची ओढ आहे, त्याला पोहता आलंच पाहिजे. आपण काय जन्मभर काठावर उभं राहणार आहोत?" त्यांनी पाठीला रिकामा कॅन बांधून त्याला पाण्यात सोडलं आणि स्वतः सोबत उतरले. पुढच्या उन्हाळ्यात कॅन सुटला.

त्याबरोबर तीन नियम आले. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. तळ माहीत नाही तिथं सूर मारायचा नाही. पावसाळ्यात कुकडीच्या पात्रात पाय घालायचा नाही, कारण माणिकडोह धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. दादूनं घरातले पुष्कळ नियम मोडले, हे तीन कधी मोडले नाहीत. त्यामागचं कारण त्याला समजावून सांगितलं होतं.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला त्याची आई मारून विहिरीवर धाडते. मारणं मला पटत नाही. पण मुलानं भित्रं राहू नये ही त्या आईची तळमळ मला पुरती पटते. आपल्याकडे आईची माया म्हणजे पदराखाली झाकणं, असं समजतात. मुलाला पाण्यात उतरवून काठावर श्वास रोखून उभं राहणं, ही मायाच आहे आणि ती जास्त अवघड आहे.

२. हात न लावणं हेही धाडसच

जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, वितात, पिल्लं वाढवतात. आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला हे कळायला लागल्यापासून ठाऊक असतं. सांजेला एकटं बाहेर पडायचं नाही. बॅटरी हवी, बोलत चालायचं. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करायचं नाही, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

दादू सातवीत असताना ऊसतोड चालू असलेल्या एका फडात बिबट्याची पिल्लं सापडली. मांजराएवढी, नुकती डोळे उघडलेली. मुलांचा घोळका धावला. फोटो काढायचे होते, हातात घ्यायचं होतं. दादूनं सगळ्यांना मागे लोटलं आणि तोडणीवाल्या मामांना सांगितलं, "हात लावू नका, वनखात्याला फोन करा." वनखात्याची माणसं आली. त्यांनी पिल्लं तपासली आणि संध्याकाळी त्याच जागी परत ठेवली. रात्रीतून मादी येऊन त्यांना घेऊन गेली. आपल्याकडे आता अशीच पद्धत आहे. पिल्लं सापडली नाहीत तर मादी पिसाळते आणि त्याचा त्रास माणसांनाच होतो.

साप निघाला की सगळी आळी दादूला हाक मारायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी त्याला ओळखता यायचे. तो ते स्वतः कधी पकडत नसे. लोकांना लांब ठेवायचा, सापावर नजर ठेवायचा आणि सर्पमित्राला बोलवायचा. एकदा त्याच्या वर्गमित्राला शेतात साप चावला. घरचे दोरी बांधायच्या, देवळात न्यायच्या गोष्टी करत होते. दादूनं त्याला हलू दिलं नाही, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. मुलगा वाचला. ज्या मुलाला धोका जवळून माहीत असतो, त्याचंच डोकं अशा वेळी शांत राहतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

३. जे मूल वर्गात रमत नाही, त्याच्यासाठी वर्ग बाहेर न्या

दादूला गणिताचा कंटाळा होता. बाईंचा मुलगा म्हणून त्याला त्यावरून बोलणी खावी लागायची. पाचवीच्या सुट्टीत आम्ही त्याला घाटघरमार्गे नाणेघाटात नेलं. कोकणातून वर येणाऱ्या या जुन्या व्यापारी वाटेच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे आणि भिंतीवर ब्राह्मी लिपीत नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात आहेत. भारतातल्या सगळ्यांत जुन्या अंकांमध्ये या लेखातल्या अंकांची गणना होते.

दादूनं विचारलं, "म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा हिशेब लिहून ठेवायला लागायचा?" मग तो घाटातल्या दगडी रांजणाशी गेला. जकातीचा तो रांजण किती नाण्यांनी भरेल, याचा हिशेब त्यानं घरी येईपर्यंत केला. त्या वर्षी तो गणितात पहिला आला, असं काही झालं नाही. पण आकडे माणसांच्या कामाचे असतात एवढं त्याला पटलं. पुढे त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणला नोकरीला लागला.

शिक्षिका म्हणून सांगते, वांड म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या मुलांत असे बरेच असतात. त्यांचे डोळे उघडे असतात, फक्त फळ्याकडे नसतात.

४. माघार घ्यायला शिकवा

२०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट सर केलं. उमेश झिरपे त्या मोहिमेचे नेते होते. वर्तमानपत्रातलं ते कात्रण दादूनं पलंगाशेजारी चिकटवलं. तेव्हापासून त्याला चालण्यापलीकडचं, दोरावरचं चढणं खुणावू लागलं.

आम्ही एकच अट घातली. शिकल्याशिवाय कड्याला हात लावायचा नाही. मग तो जाणत्या माणसांकडे जाऊन शिकला. दोर कसा तपासायचा, हार्नेस कसा घालायचा, गाठ मारल्यावर ती जोडीदारानं कशी पाहायची. आणि सगळ्यांत आधी बिले, म्हणजे चढणाऱ्या दुसऱ्या माणसाचा दोर खालून धरून ठेवणं. स्वतः चढण्याआधी दुसऱ्याचा जीव सांभाळायला शिकवणारं हे शिक्षण मला फार मोलाचं वाटलं. एरवी घाईघाईनं जेवणारा दादू गाठ मारताना तासभर बसायचा.

एकदा तो मित्रांसोबत जीवधनला गेला. त्या किल्ल्याच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे वरचा टप्पा आधीच अवघड. त्यात पावसाची सर आली आणि शेवाळलेला कातळ निसरडा झाला. दरवाजा दिसत असताना दादूनं सगळ्यांना मागे फिरवलं. घरी आला तेव्हा हिरमुसला होता. मित्र चिडवत होते. त्याचे बाबा त्याला म्हणाले, "किल्ला कुठं जात नाही." त्या रात्री मी शांत झोपले. परत फिरता येणाऱ्या मुलावर आईला भरवसा टाकता येतो.

५. "तुम्हीच मोकळं सोडलंत" असं कोणाला म्हणू नका

दादू गेला तो डोंगरावर नाही. जीवधनवर नाही, हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर नाही, विहिरीत नाही. कामावरून घरी येताना पुणे-नाशिक महामार्गावर, सपाट रस्त्यावर गेला. उसाचा हंगाम चालू होता. अंधारात रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मागे ठेवलेला एक दगडही नाही. दादूच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि ते शाबूत होतं. मार छातीला बसला.

तरीही दहाव्याच्या दिवशी कोणीतरी म्हणालंच, "लहानपणापासून जरा आवर घातला असता तर." आमच्या शिवनेरीच्या परिसरात शिवजयंतीला मशाली पळवतात, पोवाडे गातात. आणि इथंच 'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात' ही म्हणही तितक्याच सहज लोकांच्या तोंडी येते. धाडस सगळ्यांना हवं असतं, फक्त दुसऱ्याच्या मुलानं केलेलं.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतली जवळपास ४४ टक्के दुचाकीवर होती. यातले बहुतेक जण कामाला, बाजाराला, लग्नाला, घरी निघाले होते. कोणी कड्यावर चढत नव्हतं. मुलाला डोंगरावर पाठवताना आपण देवाला नवस बोलतो आणि महामार्गावर पाठवताना "येताना कोथिंबीर आण" म्हणतो. काळजीच करायची तर ती योग्य ठिकाणी करूया.

दादूच्या बालपणातला एकही डोंगर मी परत घेणार नाही. बावीस वर्षांत तो जितकं जगला, तितकं त्याला मिळालं याचंच मला समाधान आहे. घरात कोंडून ठेवला असता तरी त्याला रोज त्याच रस्त्यानं घरी यायचं होतं.

६. रस्त्यावर थांबणारा माणूस देवासारखा असतो

अपघातानंतर बऱ्याच गाड्या थांबल्या. मोबाइल निघाले. हात लावायला कोणी पुढे येईना. शेवटी भाजीचा पिकअप चालवणारा एक मुलगा थांबला. त्यानं टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर उतरवले, दादूला मागे झोपवलं आणि दवाखान्यात नेलं. दादू दुसऱ्या दिवशी गेला, पण त्या एका रात्रीत आम्हाला त्याचा हात हातात धरता आला. माझ्या मुलीला त्याच्या कानात बोलता आलं. ती रात्र त्या अनोळखी मुलानं आम्हाला दिली.

लोक पोलिसांच्या भीतीनं हात लावत नाहीत. म्हणून हे नीट सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ हे कलम आलं आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. १०८ वर फोन करा. नुसतं बघत उभं राहू नका.

७. शोकातही एखादा निर्णय लागलीच घ्यावा लागतो

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघं बधिर झालो होतो. अकरावीतली आमची धाकटी म्हणाली, "आई, दादाचे डोळे देऊया. त्याला चालेल." त्याला चालेल हे ती इतक्या खात्रीनं म्हणाली की दुसरा विचारच मनात आला नाही.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. अपघाताची केस असली तर पोलिसांची परवानगी लागते आणि ती मिळते. वय, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांमुळे अडत नाही. हे सगळं घरात आधी बोलून ठेवलेलं असलं की त्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. म्हणून आजच जेवताना बोला.

८. गेलेल्याचं नाव घ्या

आम्हाला त्रास होऊ नये म्हणून लोक दादूचं नावच घेईनासे झाले. मी खोलीत शिरले की चालू असलेलं बोलणं थांबायचं. त्याच्या बरोबरीच्या मुलांची लग्नं ठरत होती, ती आमच्यापासून लपवली जायची. त्यानं आम्ही जास्त एकटे पडलो. आईच्या मनात मुलाचं नाव दिवसभर चालूच असतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ओझं दोघांत वाटलं जातं.

हे मोठ्यांना कळलं नाही, मुलांना कळलं. पहिल्या दिवाळीला आमच्याकडे आकाशकंदील नव्हता. नातेवाइकांनी फराळ आणून ठेवला आणि ते हळू आवाजात बोलून गेले. दुपारी आळीतली पोरं आली. "बाई, दरवर्षी किल्ला दादू दादा करून घ्यायचा. यंदा तुमच्या अंगणात करू का?" त्यांनी माती कालवली, पोती टाकली, दगड रचले. आणि भांडली. "दादा बुरूज असा नाही करायचा", "दादा म्हणायचा, तुटलेल्या पायऱ्या तुटलेल्याच दाखवायच्या". जीवधन होता तो. त्यावर मोहरी आणि अळीव पेरलं.

त्या मुलांकडून मला माझ्या मुलाच्या कितीतरी गोष्टी पहिल्यांदा कळल्या. फी भरायला नसलेल्या मुलाला त्यानं ट्रेकला नेलं होतं. उंचीला घाबरणाऱ्या एकाला हात धरून टप्प्याटप्प्यानं वर चढवलं होतं. आम्हाला सांगितलं नव्हतं. माणूस गेल्यावरही त्याची ओळख अशी वाढत राहते, फक्त कोणीतरी बोललं पाहिजे.

९. उरलेल्या लेकराला कोंडू नका

हे सगळ्यांत अवघड. धाकटीनं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत जायचं म्हटलं. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था तरुणांना चार आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम शिकवते. दादूचं तिथं जायचं ठरलं होतं. आता मुलीला जायचं होतं, आणि ती भावाचं राहिलेलं पुरं करायला निघाली नव्हती. तिनं स्पष्ट सांगितलं, "दादासाठी नाही, मला जायचंय म्हणून."

सगळ्या नातेवाइकांनी विरोध केला. "एक गेलाय, आता हिला तरी..." हे वाक्य पुरं करायची त्यांना गरज वाटली नाही. दादूचे बाबा आणि मी रात्रभर बोललो. दादूला जे दिलं ते बरोबर होतं असं आम्ही लोकांना सांगत होतो. मग धाकटीला ते नाकारलं असतं, तर आमचं ते म्हणणं खोटं ठरलं असतं. माझ्या भीतीची किंमत तिनं का मोजावी? सकाळी संमतीपत्रावर दोघांनी सह्या केल्या.

ती तिकडे होती तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. फोन लागला नाही की देवापुढे बसायचे. ती परतली तेव्हा चेहरा उन्हानं काळवंडलेला होता, ओठ फुटले होते, आणि कितीतरी महिन्यांनी ती खळखळून हसत होती. भाऊ गमावलेल्या मुलीचंही एक दुःख असतं आणि आईबापांच्या दुःखापुढे ते घरात कोणाला दिसत नाही. तिला तिची वाट तिच्या पायांनी चालू द्या.

१०. दुःखाला काम द्या

त्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर चालवणारा मुलगाही दादूच्याच वयाचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर लांबून आलेला. त्याला शिव्या देऊन माझा मुलगा परत येणार नव्हता. पण त्याच्या ट्रॉलीला पाठीमागे लाल पट्टी असती, तर आला असता.

म्हणून आता गाळप हंगाम सुरू झाला की दादूचे मित्र आणि आम्ही दोघं रस्त्यावर उभे राहतो. येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला, बैलगाडीला, पिकअपला मागून रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवतो. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या आणि मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवा, असं चालकांना सांगतो. बहुतेक जण ऐकतात. ही पट्टी स्वस्त आहे. कोणालाही चिकटवता येते. मागून येणाऱ्याच्या दिव्यात ती लांबून लखलखते.

तुम्ही शेतकरी असाल तर आज आपल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन बघा. तुम्ही आईबाप असाल तर आपल्या वांड पोराला जाणत्या माणसाच्या हाती सोपवा आणि चढू द्या. आणि तुमच्या ओळखीत एखाद्या घरातलं मूल गेलं असेल, तर उद्या तिथं जा, त्याचं नाव घ्या, त्याची एक गोष्ट सांगा. आईला रडू येईल. येऊ द्या, आणि बसून राहा.